लहान मुलाची गोधडी

गोधडी म्हणजे काय

वापरून जुन्या झालेल्या सुती कापडाचे अनेक पदर एकावर एक पसरून ते हाताच्या धावदोऱ्याने आरपार शिवले, की जे जाड अंथरूण-पांघरूण तयार होते त्याला गोधडी म्हणतात. मराठवाड्यात वाकळ हा शब्दही तितकाच रुळलेला आहे. गोधडीत कापूस भरलेला नसतो. तिथेच ती रजई किंवा दुलईपासून वेगळी होते. रजईत दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस असतो आणि ती भरणे हे पिंजाऱ्याचे काम. घोंगडी लोकरीची आणि मागावर विणलेली. दुपटे नावाप्रमाणे दोन पदरांचे, चौघडी चार पदरांची. गोधडीला पदरांची अशी ठरलेली संख्या नाही आणि नवे साहित्यही जवळजवळ लागत नाही. सुई-दोऱ्याखेरीज बाकी सारे घरातच असते. लहान मुलाची गोधडी आकाराने छोटी आणि पदरांनी पातळ असते. रचना मात्र मोठ्या गोधडीचीच.

जनाबाईची वाकळ

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. विठ्ठल जनीला दळू लागायला आला, पहाटे घाईघाईत शेला आणि पदक तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून राउळात परतला आणि पदक चोरल्याचा आळ जनीवर आला, ही आख्यायिका कीर्तनातून आजही रंगवली जाते. कथेतला भेद स्पष्ट आहे: शेला देवाचा, वाकळ दासीची. पाहुण्याला नवी चादर आणि घरच्यांना वाकळ ही रीत त्याच भेदाची घरगुती आवृत्ती. अपवाद तान्ह्या मुलाचा. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरातही बाळाच्या अंगाखाली जुनेर घालतात, आणि नवे कापड बारशापर्यंत त्याच्या अंगाला न लावण्याचा रिवाज अनेक घरांत पाळला जातो. या रिवाजामागे काटकसरीपेक्षा वेगळे कारण आहे आणि ते कापडाच्या गुणधर्मात सापडते.

कापसाचा जिल्हा, कापसाविना गोधडी

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाची. मानवत, सेलू आणि परभणी इथे कापसाच्या बाजारपेठा आणि जिनिंग कारखाने आहेत. १८ मे १९७२ रोजी परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, कापसाच्या अनेक जाती दिल्या आहेत. असे असताना इथल्या गोधडीत कापूस का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. कापूस हे नगदी पीक. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश, उरलेली बहुतेक सरकी. हा माल बाजारात जातो, घरी राहत नाही. घरी परत येते ते लुगडे, धोतर, पटका यांच्या रूपाने, आणि तेही पैसे मोजून. ते विरले की गोधडीत जाते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. कापूस भरलेली रजई पाण्यात घातली, की आतल्या कापसाचे गोळे होतात. ती पुन्हा उसवून पिंजून घ्यावी लागते. रोज ओले होणाऱ्या मुलाच्या अंथरुणाला ही गोष्ट परवडणारी नाही. कापडाचे पदर मात्र कितीही धुतले तरी जागचे हलत नाहीत.

जुनेच कापड का

नव्या सुती कापडाच्या धाग्यांना मागावर चढवताना खळ दिलेली असते आणि त्यांचा पीळ घट्ट असतो. वापर आणि धुणे यांनी खळ निघून जाते, पीळ सैलावतो, पृष्ठभागावर बारीक तंतूंची लव येते. पक्का न बसलेला रंगही पहिल्या काही धुण्यांत निघून जातो. कापडाची ताकद मात्र याच काळात कमी होत जाते. म्हणजे मऊपणा चढत असतो आणि मजबुती उतरत असते. एक वेळ अशी येते, की लुगडे नेसण्याच्या कामाचे राहत नाही, कारण बसता-उठता त्यावर पडणारा ताण ते सोसू शकत नाही. पण स्पर्शाला ते तेव्हाच सर्वांत चांगले असते. गोधडी नेमकी या टप्प्यावरच्या कापडासाठी आहे. एकट्या पदराला जो ताण झेपत नाही तो सहा पदर वाटून घेतात. आणखी एक फायदा असा, की जुने कापड आटायचे तेवढे आधीच आटलेले असते. कोरे कापड आणि जुने कापड एकत्र शिवले, तर पहिल्या धुण्यात कोरे आटते, जुने आटत नाही आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात.

ऊब कशी राहते

कापड स्वतः उष्णता निर्माण करत नाही. अंगाची उष्णता बाहेर जाण्याचा वेग ते कमी करते. हे काम मुख्यतः पदरांमध्ये अडकलेल्या हवेचे असते, कारण स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री तो एक अंकी होतो. एवढ्या मोठ्या फरकाला एकच जाड पांघरूण पुरत नाही, आणि पदर कमी-जास्त करता येणे हा गोधडीचा उपयोग इथे दिसतो: उन्हाळ्यात दोन पदरी दुपटे, थंडीत सहा पदरी गोधडी. दाट विणीचे कापड वाराही अडवते. मर्यादा अशी, की जिथे टाका पडतो तिथे पदर दाबले जातात आणि हवेची जागा जाते. दोरे जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. पण तितकीच चपटी आणि कमी उबदार.

पदरांची मांडणी

बाळाच्या गोधडीला साधारण १०० सेंटिमीटर लांबी आणि ७५ सेंटिमीटर रुंदी पुरते. पाचवारी साडी म्हणजे सुमारे साडेचार मीटर कापड. तिचे आडवे चार तुकडे केले तर चार पदर निघतात. नऊवारीतून त्याच्या जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात इतका हिशोब बसत नाही, कारण लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी जातो. काठ आणि पदर शेवटपर्यंत टिकतात. म्हणून विरलेले भाग मधल्या थरांत घालतात, धडके कापड वर आणि खाली. वरचा पदर दिसण्यासाठी, खालचा घासण्यासाठी. मुलाच्या अंगाला लागणारी बाजू सर्वांत मऊ हवी. त्यासाठी धोतराचे किंवा मलमलीचे पांढरे कापड घेतात, ज्यावर ओल, रक्त किंवा किडा-मुंगी लगेच दिसते. मांडणी नेहमी जमिनीवर होते, कारण सहा सुटे पदर एकाच वेळी सपाट ठेवायला दुसरी जागा नसते. शहाबादी फरशीची ओसरी यासाठी उत्तम. पदर तळहाताने मधून कडेकडे सारत चुण्या काढतात, कडांवर वजन ठेवतात आणि हातभर अंतरावर लांब कच्चे टाके घालतात. पक्के दोरे पडले की कच्चे टाके ओढून काढायचे.

दोरे घालणे

गोधडीचे खरे काम हेच. टाका साधा धावदोऱ्याचा, सुई एकदा खाली आणि एकदा वर. पण सहा पदरांतून ती सरळ उभी जाणे सोपे नाही. सुई तिरपी गेली तर वरच्या बाजूला सुबक दिसणारी ओळ खालच्या बाजूला वाकडी उतरते. सराईत बाई एका वेळी तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढते. दोऱ्याची गाठ दोन पदरांच्या मध्ये दडवतात, कारण वर राहिलेली गाठ कोवळ्या कातडीला टोचते. दोरा फार ओढला तर कापड गोळा होते. सैल सोडला तर खालच्या बाजूला फासासारखे वेढे राहतात आणि मुलाच्या पायाचे बोट त्यात अडकते. यामुळे बाळाच्या गोधडीला टाका बारीक लागतो, मोठ्यांच्या गोधडीचा बोटभर टाका इथे चालत नाही.

ओळींच्या दोन पद्धती दिसतात. एकीत समांतर ओळी एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातात. दुसरीत कडेपासून चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत येतात. समांतर ओळींत कापडाचा साचत जाणारा सैलपणा शेवटच्या कडेला ढकलता येतो आणि ती कड शेवटी दुमडून बंद करता येते. चौकटींच्या पद्धतीत तो मध्यभागी साचतो. कच्चे टाके नीट नसतील तर तिथे फुगवटा येतो. दिसायला दुसरी देखणी, शिकणारीला पहिली बरी. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या स्त्रियांची कवंदी नावाची गोधडी याच दुसऱ्या रीतीने, कडेकडून मध्याकडे शिवली जाते. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी हीदेखील जुन्या कापडावरच्या धावदोऱ्याचीच भावंडे आहेत. तिथे टाक्यांतून चित्रे उभी राहिली, मराठवाड्यात टाका ओळीतच राहिला.

कोपरा

गोधडी कशी शिवली आहे हे कोपऱ्यावरून कळते. खालचे कापड दोन बोटे जास्त सोडून वर दुमडतात आणि कड बंद करतात. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंच्या दुमडी एकमेकींवर येतात. सहा पदरांचे तिथे पाहता पाहता दहा-बारा होतात आणि सुई रुतून बसते. जोर केला तर सुईचे नेढे बोटात शिरते, म्हणून अंगुस्तान. उपाय असा, की मधले पदर आधीच बाकीच्यांपेक्षा अंगठाभर आखूड कापायचे आणि कोपऱ्यावर त्यांची टोके तिरपी छाटायची. मग दुमडीत फक्त वरचे आणि खालचे कापड येते आणि कोपरा चपटा बसतो. सिद्दी कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना फूल म्हणतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे धरत नाहीत. शोभा तर त्याने येतेच, शिवाय सर्वांत आधी झिजणाऱ्या जागेला आधारही मिळतो.

ठिगळांची जुळणी

वरचा पदर सलग नसून तुकड्यांचा केला, की ती ठिगळांची गोधडी होते. इथे ठिगळ म्हणजे फाटलेले झाकणे नव्हे, ठरवून केलेली जुळणी. खणाच्या चोळ्या, इरकली लुगड्यांचे लाल काठ, परकर, मोठ्या भावंडांची झबली, शर्टाच्या बाजू यांतून चौकोन आणि त्रिकोण कापतात. जुळवताना पाहायचे ते ताण्या-बाण्याच्या दिशेकडे. कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने फारसे ताणले जात नाही, तिरपे मात्र सहज ताणले जाते. चौकोनाच्या चारही बाजू धाग्याला समांतर असतील तर जोड सपाट राहतो. त्रिकोणाची एक बाजू हमखास तिरपी येते. तिला दुसऱ्या तुकड्याची सरळ बाजू जोडली, तर सरळ बाजू तिरपीला आवरून धरते. दोन तिरप्या बाजू एकमेकींना जोडल्या, की तो जोड लवकरच लोंबतो. रंगाची परीक्षा आधी करावी लागते. पांढरी ओली चिंधी लाल काठावर घासून तिला रंग लागला, तर तो तुकडा अजून दोन-चार धुणी बाहेर ठेवायचा. नाही तर पहिल्याच पावसाळ्यात सगळी गोधडी गुलाबी. जाडी सारखी असणेही महत्त्वाचे: शेजारी-शेजारी शिवलेल्या मांजरपाट आणि मलमल यांत मलमल आधी फाटते, आणि फाटते ती जोडालगतच.

किती दोरा, किती वेळ

१०० बाय ७५ सेंटिमीटरच्या गोधडीचे क्षेत्रफळ ७,५०० चौरस सेंटिमीटर. दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवले तर ओळींची एकूण लांबी ५० मीटर होते. ओळी समांतर असोत की चौकटीच्या, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. नक्षीने दोऱ्याचा खर्च बदलत नाही, अंतराने बदलतो. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरले तर ५,००० टाके. मिनिटाला पंधरा टाके पडले तर साडेपाच तासांच्या वर नुसते दोरे घालण्याचे काम, मांडणी आणि जोड वेगळे. सुगी आटोपल्यावर, दुपारच्या वेळी, दोघी-तिघी एकाच गोधडीच्या निरनिराळ्या कडांना बसतात ते या हिशोबामुळे. अर्थात तिघींचे टाके तीन तऱ्हेचे पडतात.

लोकरीचे चौकोन

शिक्षण, नोकरी आणि शहराची ये-जा यांबरोबर बाळंतविड्यात लोकर आली. झबले, टोपडे, मोजे यांच्यासोबत विणलेल्या चौकोनांचे पांघरूणही त्यात असते. तत्त्व ठिगळांचेच, तंत्र पूर्ण वेगळे: इथे तुकडा कापत नाहीत, धाग्यापासून घडवतात. आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचे दर १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके बसतात. २० सेंटिमीटरच्या चौकोनाला ४४ टाके. सर्व ओळी सुलट विणल्या तर टाक्यांच्या दुप्पट ओळींत, म्हणजे ८८ ओळींत, चौकोन पुरा होतो. ही वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि तिच्या कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली तर कडा गुंडाळल्या जातात आणि जोडणे जिकिरीचे होते. १०० बाय ८० सेंटिमीटरला असे वीस चौकोन लागतात, आणि वीस चौकोनांचे टाके ७७,४४०. गोधडीच्या पाच हजारांशी तुलना केली, की जुने कापड वापरण्यात किती श्रम आधीच वाचलेले असतात ते उमगते. त्या कापडातले ताणे-बाणे विणकराने कधीच घालून ठेवलेले असतात.

सुयांपेक्षा क्रोशाचा चौकोन लवकर होतो. मधल्या साखळीच्या कड्यात खांब घालत फेऱ्यांनी तो वाढतो आणि कोपऱ्यात जास्तीचे खांब घातले, की गोलाचा चौकोन होतो. सुटे चौकोन अनेक हातांनी करून एकत्र जोडता येतात. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये देशभरातल्या स्त्रियांनी पाठवलेले क्रोशाचे तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण करण्यात आले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली.

लोकर म्हणून बाजारात जे मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते. प्रमाणित दमटपणात सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, खरी लोकर सुमारे सोळा टक्के, ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणून ॲक्रिलिकमध्ये घाम शोषला जात नाही आणि परभणीच्या हवेत हे पांघरूण वर्षातले मोजके आठवडेच उपयोगी पडते. विणीला भोके असल्याने ते वाराही अडवत नाही. अंगाशी सुती दुपटे आणि वर लोकरीचे पांघरूण हा जोड त्यामुळे शहाणपणाचा.

निजण्याची सुरक्षितता

पहिल्या वर्षात मूल निजलेले असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण, उशी किंवा मऊ गादी नको, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचा सल्ला आहे. तोंडावर आलेले कापड तान्ह्याला स्वतः दूर करता येत नाही, आणि घट्ट, सपाट पृष्ठभागावर पाठीवर निजवणे सर्वांत सुरक्षित मानले जाते. अंथरूण म्हणून गोधडी मऊ गादीपेक्षा बरी: दोरे घातल्यामुळे ती मऊ असूनही खोल दबत नाही. पांघरूण म्हणून ती वर्षानंतरची. त्याआधी थंडीसाठी अंगावरच्या कपड्यांचे थर वाढवणे बरे. मोठ्या भोकांची लोकरी वीण, टिकल्या, आरसे, बटणे आणि कडेला लोंबणारे गोंडे हे सगळे पाहायला छान आणि बाळाच्या बोटांना व तोंडाला घातक आहे. आजीच्या हौसेला इथे मुरड घालावी लागते.

धुणे आणि वाळवणे

सहा पदरी बाळाच्या गोधडीचे वजन कोरडे असताना साधारण ४०० ग्रॅम असते, तर मोठ्या गोधडीचे दोन किलोंच्या पुढे, आणि ओली झाली की दुपटीहून अधिक. मोठी गोधडी पिळणे एका माणसाचे काम नाही; बाळाची मात्र रोज धुता येते, हा लहान आकाराचा सर्वांत मोठा फायदा. मधले पदर वाळायला वेळ लागतो. वरून कोरडी लागणारी गोधडी आत दमट राहिली तर वास येतो आणि बुरशी धरते. म्हणून ती घडी करून नव्हे, दोरीवर पसरून आणि उलटून वाळवतात. मराठवाड्याचे ऊन इथे कामी येते. आषाढ-श्रावणात मात्र तीन-चार गोधड्या आलटून-पालटून वापरल्याशिवाय भागत नाही.

यंत्राची शिलाई आणि मोल

यंत्रावर हेच दोरे अर्ध्या तासात पडतात. यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा, बारीक आणि घट्ट असतो. एका सेंटिमीटरमध्ये सुईची तीन-चार भोके पडतात. विरलेले कापड या भोकांच्या ओळीवरच फाटते. त्यामुळे यंत्रावरच्या गोधड्या नव्या कापडाच्या करतात आणि मऊपणाचा मूळ मुद्दाच बाजूला पडतो. हातशिलाईची गोधडी विकायची झाली तर सहा-सात तासांची मजुरी कारखान्यातल्या फ्लीसच्या ब्लँकेटच्या किमतीत बसत नाही. बचत गटांच्या विक्री प्रदर्शनांत ती भेटवस्तू म्हणून खपते, गरजेची वस्तू म्हणून नव्हे. गावात दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना घराचे जुने कापड मिळते, त्यांना फक्त श्रमाचे मोल मागायचे असते. म्हणूनच त्यांचा व्यवहार अजून थोडाफार चालतो.

पॉलिएस्टरच्या साड्या

सुती लुगड्याची जागा पॉलिएस्टरच्या साडीने घेतली आणि गोधडीचे गणित बदलले. ही साडी विरत नाही. वर्षानुवर्षे तशीच राहते आणि कपाटात साचते. म्हणजे कापड मुबलक, पण जुने होऊन मऊ होण्याचा टप्पा त्याला येतच नाही. पदर एकमेकांवर घसरतात, सुईला पकड मिळत नाही, घाम शोषला जात नाही. आगीजवळ सूत जळते, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. शेगडीच्या उबेला बाळ-बाळंतिणीला निजवणाऱ्या घरात हा धोका लहान नाही. तडजोड म्हणून अनेक गोधड्यांत मधले पदर पॉलिएस्टरचे आणि अंगाला लागणारे सुती अशी रचना दिसते. मोठ्यांच्या अंथरुणाला ती चालून जाते; मुलाच्या गोधडीला चालत नाही, कारण मधले पदर ओल शोषत नाहीत आणि ती पसरत कडेला येते.

झिजल्यानंतर

सुती गोधडी झिजली, की ती उसवत नाहीत. तिच्यावर आणि खाली एकेक धडके कापड घालून पुन्हा दोरे घालतात. जुनी गोधडी नवीचा गाभा होते. बाळाच्या गोधडीला असा दुसरा जन्म धाकट्या भावंडाच्या वेळी मिळतो, आकार तोच आणि जाडी थोडी वाढलेली. तेही संपले, की तुकडे पायपुसणे आणि पोतेरे म्हणून वापरले जातात. त्यातही सुतीच उपयोगी, कारण पॉलिएस्टरचे पोतेरे पाणी टिपत नाही, नुसते इकडून तिकडे सारते.